दुखण्याआधीची तपासणी

कर्करोग म्हणजे कॅन्सर. हा शब्द कानावर पडला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा उठतो. नाव घेतले तर रोग घरात येईल, म्हणून कोणी त्याचे नावसुद्धा घेत नाही. परंतु नाव घेतले नाही म्हणून रोग दारावरून परत जात नाही. म्हणून या पाठात आपण एका कर्करोगाचे नाव घेऊ आणि त्याची नीट ओळख करून घेऊ. हा रोग एका बाबतीत वेगळा आहे. तो होण्याच्या आधीच त्याची चाहूल लागते, आणि तिथल्या तिथे त्याला थांबवता येते.

या रोगाचे नाव गर्भाशयमुखाचा कर्करोग. हा रोग बायकांना होतो. पण हा पाठ पुरुषांसाठीही आहे. पुरुषांनी पान उलटून पुढे जाऊ नये. का, ते पुढे कळेल.

रोग कोठे होतो, कशाने होतो?

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. गावात त्याला पिशवी म्हणतात. मूल नऊ महिने तिथे वाढते. पिशवीचा खालचा भाग निमुळता असतो. ते पिशवीचे तोंड. पुस्तकात त्यालाच गर्भाशयमुख म्हणतात. हा कर्करोग या तोंडापाशी सुरू होतो.

तो देवाच्या कोपाने होत नाही. करणीने होत नाही. मागच्या जन्मीच्या पापानेही होत नाही. त्याचे कारण एक अगदी बारीक विषाणू आहे. त्याचे नाव एचपीव्ही. हाराल्ड त्सूर हाउसेन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे कारण शोधून काढले. त्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू स्त्रीपुरुषांच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुरुषाच्या अंगातही तो असतो, आणि त्याला त्याची खबरही नसते. संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी लागतो. बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत तो आपोआप निघून जातो. थोड्या बायकांच्या अंगात मात्र तो मुक्काम करतो. मग पिशवीच्या तोंडाशी हळूहळू बिघाड होतो. त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात, कधी त्याहूनही जास्त.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. विषाणू कधी लागला, कोणाकडून लागला, हे तपासणीत कळत नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. म्हणून तपासणीत तो सापडला, तर नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर संशय घेऊ नये. त्यात अर्थ नाही. त्या वेळी भांडण नको, औषधपाणी हवे.

किती बायका दगावतात?

2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1,27,000 बायकांना हा रोग झाला, आणि सुमारे 80,000 बायका त्याने दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे.

आता आपण हिशेब करू. पाटीवर 80,000 लिहा. वर्षाचे दिवस 365. भागाकार केला की उत्तर येते सुमारे 219. म्हणजे एका दिवसात 219 बायका. एका लहान वाडीत जेवढी माणसे राहतात, तेवढ्या बायका रोज जातात.

या बायका बहुतेक कर्त्या वयाच्या असतात. पोरांची लग्ने व्हायची असतात. गोठ्यात जनावरे असतात. रानात खुरपणी पडलेली असते. अशी बाई अंथरुणाला खिळली की सगळ्या घराचा गाडा अडतो.

रोग उशिरा का कळतो?

कारण सुरुवातीला काहीच दुखत नाही. अशी बाई पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी थापते, कामाला जाते. तिला कोणी विचारले तर ती म्हणते, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे." ती खोटे बोलत नाही. तिला खरोखरच काही जाणवत नसते. बिघाड मात्र आतल्या आत वाढत असतो.

पुढे काही खुणा दिसू लागतात. त्या अशा :

दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाते.
संबंधानंतर रक्त जाते.
पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसते.
अंगावरून घाण वासाचे पाणी जाते.
ओटीपोट व कंबर सतत दुखते.

यांतली एकही खूण दिसली तर थांबू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा प्रत्येक बाईला कर्करोगच असतो, असे नाही. साध्या आजारानेही असे होते. पण घरी बसून ते कळत नाही.

मात्र खुणा दिसण्याची वाट पाहणे बरे नव्हे. खूण दिसते तेव्हा रोग बरेचदा पुढे गेलेला असतो. तोवर दहा-पंधरा वर्षांचा अवधी आपल्या हातात होता. तो अवधी वापरायचा म्हणजे दुखण्याआधी तपासणी करायची.

तपासणी कशी करतात?

तपासणीच्या दोन रीती आपण पाहू.

पहिली रीत सोपी आहे. बाई टेबलावर निजते. अंगावर चादर असते. नर्सबाई एका साधनाने मार्ग थोडा उघडून पिशवीचे तोंड पाहतात. शिरक्यासारखे आंबट, पातळ औषध कापसाने तिथे लावतात. मिनिटभर थांबतात. जिथे बिघाड असेल ती जागा पांढरी दिसते. सगळे मिळून पाच-दहा मिनिटांचे काम. इंजेक्शन नाही, चिरफाड नाही. थोडे अवघडल्यासारखे वाटते, थोडी चुणचुण होते, इतकेच. उत्तर तिथल्या तिथे मिळते.

दुसरी रीत विषाणू शोधण्याची. एका मऊ बुरशाने पिशवीच्या तोंडाजवळचा स्राव घेतात आणि तो प्रयोगशाळेत पाठवतात. काही ठिकाणी हा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो. ही तपासणी जास्त भरवशाची आहे, पण तिला खर्च जास्त येतो आणि ती अजून सगळीकडे मिळत नाही.

पाळी चालू असताना तपासणी करत नाहीत. दिवस गेले असतील, किंवा नुकतेच बाळंतपण झाले असेल, तर तसे नर्सबाईंना आधी सांगावे.

पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला, असे समजू नये. बहुतेक वेळा तो कर्करोग नसतो. पुढे भिंगातून बघतात. गरज वाटली तर लहानसा तुकडा तपासायला घेतात. नुसता बिघाड असेल, तर ती जागा गरम किंवा अतिशय थंड साधनाने जाळून टाकतात. त्यालाही थोडीच मिनिटे लागतात. बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी येते. पुढे महिनाभर नवराबायकोने संबंध टाळायचा. इतक्या थोड्या उपचाराने पुढचा मोठा रोग टळतो.

आपल्या मराठवाड्यात काय घडले?

काही लोक म्हणतात, "खेड्यातल्या बाया अडाणी. त्या असल्या तपासणीला येणार नाहीत." हे बोलणे खरे की खोटे, याची परीक्षा आपल्याच राज्यात झालेली आहे.

1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठे काम सुरू झाले. या जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात. मुंबईचे टाटा रुग्णालय, शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून ते केले. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,000 हून अधिक निरोगी बायका त्यात घेतल्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांत तीन निरनिराळ्या रीतींनी एकेकदा तपासणी केली. चौथ्या गटाला फक्त माहिती सांगितली.

आरोग्यसेविका घरोघर गेल्या. बायांशी त्यांच्याच बोलीत बोलल्या. तपासणी गावाजवळ आणली. मग काय झाले? बोलावलेल्या दर 100 बायकांपैकी जवळजवळ 80 जणी आल्या! अडाणी म्हणून ज्यांना नावे ठेवली, त्याच या बाया.

पुढे आठ वर्षे या बायकांची विचारपूस ठेवली. 2009 साली निष्कर्ष छापून आला. ज्या गटाची विषाणूची तपासणी झाली, त्या गटात 34,000 बायका होत्या. त्यांतल्या 34 जणी या कर्करोगाने वारल्या. ज्या गटाची तपासणी झाली नव्हती, त्यात 31,000 हून अधिक बायका होत्या. त्यांतल्या 64 जणी वारल्या. एका तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले.

चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीपासून दूर का ठेवले, असा सवाल पुढे काही जाणत्यांनी केला. सवाल रास्त आहे. त्या 64 जणी कोणाच्या तरी आया होत्या. त्यांच्यामुळे जे कळले ते जगाला उपयोगी पडले. पण ज्या मातीत हे ज्ञान निघाले, त्या मातीतल्या प्रत्येक बाईपर्यंत ते पोचले पाहिजे. आम्हांस वाटते, ते ऋण अजून फिटलेले नाही.

आंबट औषधाच्या तपासणीचे काय? उस्मानाबादेत ती एकदाच केली, तेव्हा मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. परंतु मुंबईच्या झोपडवस्त्यांत 1998 पासून दुसरे काम चालले होते. तिथे हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना खास शिकवून तयार केले होते. बारा वर्षांनी पाहिले, तर मृत्यू शेकडा 31 ने कमी झाले होते. म्हणजे 100 जणी जायच्या तिथे 69 गेल्या. 31 घरांतली चूल पेटती राहिली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली ही, की साधी तपासणी एकदा करून विसरून चालत नाही. ती ठरल्या वेळी पुन्हा करावी लागते. दुसरी ही, की मोठा डॉक्टर गावात नाही म्हणून काम अडत नाही. नीट शिकवले तर आपल्याच लेकीसुना हे काम करू शकतात.

मग अडते कुठे?

2016 साली केंद्र सरकारने नियम केला. 30 वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी. त्याबरोबर तोंडाची आणि स्तनांचीही तपासणी व्हावी. नियम चांगला आहे. पण 2019 ते 2021 या काळात देशभर मोठी पाहणी झाली. तीत दिसले, की 30 ते 49 वर्षांच्या दर 100 बायकांपैकी दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती.

एकीकडे 100 पैकी 80. दुसरीकडे 100 पैकी दोन नाहीत. बाया त्याच. फरक कशाचा? एका ठिकाणी तपासणी बायांकडे गेली. दुसऱ्या ठिकाणी बायांनी तपासणीकडे यावे, म्हणून सगळे वाट पाहत बसले.

तालुक्याला जायचे म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. एक दिवसाची मजुरी बुडते. एस. टी. चे भाडे पडते. लहान पोर कोणाकडे ठेवायचे? सासूबाईंना काय सांगायचे? आणि तिथे पोचल्यावर कळते, की आज नर्सबाई दुसऱ्या गावी गेल्या आहेत. एकदा असा फेरा पडला, की बाई पुन्हा घराबाहेर पडत नाही.

बाया काय म्हणतात?

"लाज वाटते हो." लाज वाटणे साहजिक आहे. म्हणून आरोग्यसेविकेनेच तपासणी करावी, खोलीला दार असावे, पडदा असावा, असे आपण आधीच सांगून ठेवावे. तसे मागणे हा बाईचा हक्क आहे. पाच बायांनी मिळून जावे. शेजारीण दाराबाहेर बसली असली की धीर येतो. बाळंतपणात लाज बाजूला ठेवली, म्हणून लेकरू पदरात पडले. इथे तर आपला स्वतःचा जीव आहे.

"काही निघालं म्हंजे?" बघितले नाही म्हणून आत असलेले नाहीसे होत नाही. लवकर निघाले तर थोडक्यात भागते. उशिरा निघाले तर शेत गहाण पडते, आणि तरी माणूस हाती लागेल की नाही, सांगता येत नाही.

"माझी पोरं मोठी झाली. आता मला कशाला?" उलट हेच तपासणीचे वय. 30 च्या पुढे, आणि पाळी गेल्यानंतरही, डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. एचआयव्हीची बाधा असलेल्या बाईने तर 25 व्या वर्षापासूनच करावी.

"त्यापेक्षा पिशवीच काढून टाकते. कटकट नको." हे मात्र फार जपून. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारने पाहणी केली. सुमारे 82,000 बायकांपैकी 13,000 हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल," अशी भीती आपल्याला घातली, असे त्यांतल्या काहींनी सांगितले. अंगावरून पांढरे जाते, एवढ्यावरून कोणी पिशवी काढायला सांगितली तर लगेच मान हलवू नये. आधी तपासणी मागावी. कागद मागावा. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे. तपासणी जशी रोगापासून वाचवते, तशी नको असलेल्या शस्त्रक्रियेपासूनही वाचवते.

पुरुषांचे काम काय?

आता पुरुषांनी हे पान का वाचावे, ते सांगतो. बहुतेक घरांत पैसा पुरुषाच्या खिशात असतो. मोटारसायकलही त्याच्याच हातात असते. "जाऊन ये," हे दोन शब्द त्याने आपणहून म्हटले, तर घरातले निम्मे अडथळे संपतात. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर आणतो. जी बाई पंचवीस वर्षे आपल्याला भाकरी करून घालते, तिच्यासाठी पाच वर्षांतून एक दिवस काढणे जड आहे काय? त्या दिवशी पोराला सांभाळावे, चुलीवर कालवण टाकावे. त्याने कोणाचीही अब्रू जात नाही.

गावाने काय करावे?

1. आशाताईंना विचारून गावातल्या 30 वर्षांपुढच्या बायांची यादी करावी. आता आपल्याला लिहिता येते. ते लिहिणे इथे कामी लावावे.

2. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तीत हा विषय घ्यावा. "आमच्या गावात तपासणीचा दिवस नेमून द्या," असा ठराव करून तो प्राथमिक आरोग्य केंद्राला पाठवावा.

3. सुगीचे आणि ऊसतोडीचे दिवस सोडून दिवस धरावा. टोळी गावी परत आल्यावर एक दिवस मुद्दाम ठेवावा.

4. शाळेची किंवा उपकेंद्राची खोली साफ करून द्यावी. पाणी, उजेड, पडदा यांची सोय गावाने पाहावी.

5. जिच्यात दोष निघेल, तिला एकटी सोडू नये. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर कोणीतरी जावे. इथेच पुष्कळ बाया मधूनच गळतात, आणि केलेली तपासणी वाया जाते.

6. कर्करोग निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार मिळतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. सावकाराकडे आधी जाऊ नये.

मुलींसाठी आणखी एक उपाय निघाला आहे. एचपीव्हीची लस 9 ते 14 या वयात दिली तर उत्तम काम करते. लस कोठे व कशी मिळेल, हे आरोग्य केंद्रात विचारावे. लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी करायचीच आहे.

2020 साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांपुढे एक लक्ष्य ठेवले. 2030 पर्यंत दर 100 बायकांपैकी 70 जणींची ही तपासणी 35 व्या वर्षाच्या आत एकदा, आणि 45 व्या वर्षाच्या आत पुन्हा एकदा, विषाणूच्या तपासणीसारख्या भरवशाच्या रीतीने झालेली असावी. हे लक्ष्य ऐकून कोणी म्हणेल, खेड्यापाड्यात हे कसे जमावे? त्याला सांगावे, की गावाजवळ तपासणी आणली तेव्हा उस्मानाबादच्या खेड्यांतल्या 100 पैकी 80 बाया आल्या होत्या. आपल्या गावची यादी आजच लिहायला घ्या. पहिले नाव आपल्याच घरातले लिहा.

वाचा आणि बोला

1. हा रोग कशाने होतो? गावात त्याबद्दल कोणते गैरसमज आहेत?
2. दुखत नसताना तपासणी का करावी?
3. उस्मानाबादेत 100 पैकी 80 बाया का आल्या?
4. आपल्या गावापासून तपासणीची जागा किती लांब आहे? जाण्यायेण्यास किती वेळ व किती पैसे लागतात? हिशेब लिहा.
5. आपल्या गावच्या महिला सभेसाठी चार ओळींचा ठराव लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा.